थांबवायचा इशारा कुणाचाही

आमच्या यार्डात त्याला बँडमास्तर म्हणत. नाव मीच ठेवलं होतं, दुसऱ्या कुणाला दोष देऊ नका. एकतीस वर्षं मी तिथलं स्टोअर सांभाळलं, आणि नट-बोल्ट देण्याघेण्यातून जो वेळ उरे तो लोकांना नावं ठेवण्यात सत्कारणी लावला. क्रेन चालवणाऱ्याला मी घार म्हणायचो. साहेबांना काय म्हणायचो ते सांगायची सोय नाही. ते अजून ठणठणीत आहेत आणि त्यांचे कान तिखट आहेत.

बँडमास्तर सिग्नलवाला होता. यार्डात लोखंडी तुळया यायच्या, एकेक दोन-तीन टनांची, आणि त्या उचलून रचायला उंच क्रेन होती. क्रेनची केबिन सहा मजल्यांइतकी वर. तिथे बसलेल्या माणसाला खालचं ऐकू येत नाही, तुळईच्या पलीकडचं दिसत नाही. त्याला दिसतो फक्त पिवळे हातमोजे घातलेला एक माणूस. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. हात आडवा पसरून तळवा जमिनीकडे केला आणि हात डावीउजवीकडे हलवला की थांब. वरचा माणूस खालच्याच्या हातांनी बघतो म्हणा ना.

म्हणून यार्डाचा पहिला नियम असा, की इशारा एकाच माणसाचा मानायचा. दुसरा नियम पहिल्याच्या बरोबर उलटा: थांबवायचा इशारा मात्र कुणाचाही मानायचा. झाडूवाल्याने हात आडवा केला तरी तुळई जागच्या जागी थांबली पाहिजे. का थांबवली ते मागाहून विचारायचं. ह्या नियमाने आमच्याकडे तीन माणसं वाचली आहेत. बँडमास्तरला मात्र तोच भोवला.

माणूस अबोल. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर त्या दिवशी त्याला ताप असेल असं आम्ही समजायचो. पण हात काय होते. वाऱ्यावर हेलकावणारी तुळई तो नुसत्या करंगळीच्या हालचालीने इंचभर सरकवायचा. मी खिडकीत उभा राहून त्याची नक्कल करायचो आणि तो माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. केबिनमध्ये बसणारी घार म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघं मेहुणे दिवसभर एकमेकांशी हातांनी बोलायचे आणि जेवणाच्या सुट्टीत एका बाकावर बसून एक अक्षरही बोलायचे नाहीत.

"वहिनी, घरीसुद्धा हा हातांनीच बोलतो का हो?" मी एकदा त्याच्या बायकोला विचारलं. ती घरी पडदे शिवायची आणि आमच्या ऑफिसच्या पडद्यांचं माप घ्यायला आली होती.

"हो, काका," तोंडातली टाचणी काढत ती म्हणाली. "आणि तुम्ही तोंडाने जेवढं सांगता ना, त्याच्यापेक्षा जास्त सांगतात."

मी तिच्या वाटेला पुन्हा जपूनच गेलो.

त्याच्या वयाच्या चाळिशीच्या आसपास ते सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुळई वर असताना तो मध्येच थांबवायचा. आजूबाजूला बघायचा, काही नाही असं दिसलं की पुन्हा चालू करायचा. दिवसातून दोनदा, मग पाचदा, मग दहादा. साहेब खूश. त्या वर्षी शेजारच्या यार्डात एकाचा पाय गेला होता, त्यामुळे सावधपणाला भाव आला होता. सगळ्यांसमोर त्यांनी बँडमास्तरला सुरक्षेचं प्रमाणपत्र दिलं, चौकटीत घालून. त्याने ते घेतलं आणि साहेबांच्या हाताकडे बघत राहिला. साहेब दुसऱ्या हाताने टाय सारखा करत होते. त्यांनी टाय सोडेपर्यंत हा जागचा हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, गडी भारावलाय.

साहेबांना तो सावधपणा वाटला. मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी, टायपिस्टबाई बसायच्या. काम करता करता त्या केस मागे सारायच्या, मानेला हात लावायच्या, बांगडी वर चढवायच्या. बँडमास्तर तुळई अधांतरी ठेवून त्या खिडकीकडे बघत राहायचा. आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाने ह्यातून काय अर्थ काढावा? मी तो काढला, त्याला मीठमसाला लावला आणि चहाच्या वेळी वाटला. आठवडाभरात गोष्ट वहिनींपर्यंत पोचली.

त्याच दिवसांत तो एकदा माझ्या खिडकीशी आला.

"काका, मघाशी तुम्ही मला काय सांगत होतात?"

मघाशी मी चष्मा पुसत होतो, बस. पण जिभेला खाज.

"कळलं नाही का तुला?" मी म्हटलं. "एवढा मोठा बँडमास्तर तू. ओळख की."

तो हसला नाही. माझ्या हातांकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ओळखतो," आणि गेला.

त्या एका वाक्याइतकं वाईट मी आयुष्यात काही केलं नसेल, आणि मी बऱ्याच खोड्या केल्या आहेत.

वहिनी एका दुपारी यार्डात आल्या. मला वाटलं, टायपिस्टबाईंचे केस आता जाग्यावर राहत नाहीत. पण त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"काका, ती बाई वगैरे सोडा. ते घरी पण असंच करतात. मी दोरा तोडायला हात उचलला की त्यांचा घास हातातच राहतो. समोरच्या गच्चीवरच्या बाईने कपडे झटकले की उठून दिवा बंद करतात. विचारलं तर म्हणतात, तिने सांगितलं. मला ती ऑफिसातली बाई असती तर परवडली असती."

मी त्यांना स्टूल दिलं आणि चहा मागवला, तोही माझ्या पैशांनी. माझ्या बाबतीत अशी वेळ क्वचित येते.

त्यानंतर चौथ्या दिवशी तुळई लटकली. सकाळी अकराची वेळ, अडीच टनांचा नग, जमिनीपासून दोन पुरुष उंच. बँडमास्तरने हात आडवा केला. थांब. वर घारीने थांबवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हात आडवाच. साहेब खाली येऊन ओरडायला लागले. घार केबिनमधून नुसता बघत होता. मोजेवाल्याने चालूचा इशारा दिल्याशिवाय तो क्रेनच्या दांड्याला हात लावणार नव्हता, आणि खाली मोजेवाला त्याच्या बहिणीचा नवरा होता. शेवटी मी बाहेर गेलो, कारण मला तो निदान काका म्हणायचा.

"अरे, हात खाली घे की. खांदा भरून येईल."

त्याच्या कपाळावर घाम होता. आवाज अगदी साधा.

"माझा हात नाही हा, काका."

"मग कुणाचा?"

"हात माझाच आहे. पण मी नाही उचलला. कुणी उचलला तेच बघतोय. ज्याने वर केला त्यानेच खाली घेतला पाहिजे ना?"

काही माणसं हसली. तो खोटं बोलत नव्हता आणि चेष्टाही करत नव्हता. हरवलेली किल्ली शोधावी तसा तो इकडेतिकडे त्या माणसाला शोधत होता.

चाळीस मिनिटांनी वहिनी आल्या. त्याच्या आडव्या हाताखाली त्यांनी आपला हात घातला आणि झोपलेल्या मुलाचा हात पांघरुणात घ्यावा तसा हळूहळू खाली आणला. मग एकेक बोट सोडवत मोजे काढले. शेजारच्या यार्डातला सिग्नलवाला बोलावून तुळई उतरवली तोवर दोघं गेटबाहेर गेली होती.

पुढचे तीन महिने तो हॉस्पिटलात होता. औषधं, इंजेक्शनं, पुन्हा औषधं. तिथल्या डॉक्टरबाई वहिनींना समोर बसवून सगळं समजावायच्या, आणि वहिनी ते मला येऊन सांगायच्या. इतक्या सगळ्यानंतर त्या माझ्याशी का बोलत होत्या, देव जाणे. बहुधा दुसरं कुणी ऐकून घेत नसेल.

"त्या म्हणाल्या, आपण हात हलवायच्या आधी आपला मेंदू आपल्यालाच एक चिठ्ठी पाठवतो: आता हात हलणार आहे, मीच हलवतोय. ती वेळेवर पोचली की हात आपला वाटतो. ह्यांची चिठ्ठी कधी उशिरा पोचते, कधी पोचतच नाही. म्हणून आपलाच हात कुणीतरी हलवल्यासारखा वाटतो."

"आणि ते दुसऱ्यांचे हात बघणं?"

"ती वेगळीच गोष्ट, एक चाळणी. म्हणजे वेगळी, पण शेजारची. समोरच्याचा हात हलला की आपलं डोकं आधी ठरवतं, हे मला सांगणं आहे की त्याचं त्याचं चाललंय. आपल्याला कळतही नाही कधी ठरवलं ते. दिवसभरात शंभर हात हलतात, त्यातला एखादा आपल्यासाठी. ह्यांची चाळणी फाटली. शंभरच्या शंभर हात ह्यांच्याशीच बोलायला लागले. हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असं नाही, असंही म्हणाल्या. अजून डॉक्टरांनाही हे पुरतं उमगलेलं नाही."

ज्याचा सगळा जन्म इशारे वाचण्यात गेला, त्याच्याच डोक्यात ही चाळणी फाटावी. मी आयुष्यभर लोकांच्या फजितीवर हसलो आहे, पण ह्याच्यावर मला हसता आलं नाही.

घरी आला तेव्हा तो खूप बरा होता आणि ओळखू येत नव्हता. गच्चीवरची बाई आता त्याला काही सांगत नव्हती. पण त्याचे हात गेले होते. म्हणजे होते जागेवरच, मांडीवर ठेवलेले, पण बोलत नव्हते. चेहराही तसाच, इस्त्री केल्यासारखा. काही आजाराने, काही औषधाने, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

"रागावलेत की बरं वाटतंय, मला कळतच नाही," वहिनी म्हणाल्या. "वीस वर्षं मी ह्यांचे हात वाचले. आता कोरा कागद."

त्याला स्वतःला एकच गोष्ट हवी होती: मोजे परत. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तो जे पाच-सहा शब्द बोलला त्यात ती होती.

वहिनींचा पक्का विरोध. "खाली माणसं असतात. वर माझा भाऊ असतो. काकांच्या स्टोअरमध्ये बसा."

"काकांच्या स्टोअरमध्ये," तो हळूच म्हणाला, "डोकं बरं असलेलासुद्धा वेडा होईल."

वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आजारी पडल्यापासून त्याने केलेला तो पहिला विनोद होता, आणि तो माझ्यावर खर्च झाला ह्याचा मला अजून अभिमान आहे. त्या दिवसापासून त्यांचा विरोध ढिला पडला.

हॉस्पिटलातल्या एका बाईंनी त्यांना सराव घालून दिला होता. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या वहिनी काहीतरी करायच्या: कात्री उचलायच्या, नाक खाजवायच्या, मध्येच त्याला हाताने बोलवायच्या. त्याने फक्त म्हणायचं, "तुझं" किंवा "मला." मग उलट. आरशासमोर उभं राहून त्याने हात उचलायचा, आणि उचलायच्या आधी तोंडाने म्हणायचं, "मी उचलतोय." सुरुवातीला दहात चार चुका. नंतर दोन. मग आठवडेच्या आठवडे एकही नाही. घार रोज संध्याकाळी येऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसायचा आणि अंगठा, बोट, तळवा, एकेक इशारा त्याच्याकडून मोठा मोठा करून घ्यायचा. "भावोजी, हा मला वरून दिसणार नाही. अजून उघडा करा. तुम्ही मला शिकवलेलंच तुम्हाला परत देतोय."

वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी लिहून दिलं की माणूस कामावर जाऊ शकतो. मोजे द्यायचे की नाही ते यार्डाने पारखून ठरवावं. साहेबांनी पारखायचं ठरवलं. एक सांगतो, ज्यांना मी तसलं नाव ठेवलं होतं त्या माणसाने हे काम फार सचोटीने केलं.

सकाळी दहा वाजता यार्ड मोकळं केलं. तुळईच्या वाटेत कुणीही नाही. शेजारच्या यार्डातून वर्षभर उसना आणलेला सिग्नलवाला बँडमास्तरच्या मागे दोन पावलांवर उभा, लागलंच तर सांभाळायला. साहेबांनी आधीच सात-आठ जणांना गुपचूप कामं वाटून दिली होती. एकाने घाम पुसायचा, एकाने हाताने दुसऱ्याला बोलवायचं, टायपिस्टबाईंनी खिडकी लावायची, आणि फक्त एकाने, कधीतरी मध्येच, खराखुरा थांबवायचा इशारा द्यायचा. मला वेगळं बजावलं होतं: खिडकीत उभे राहा, पण काही करू नका. वहिनी गेटपाशी होत्या.

त्याने मोजे घातले. आधी रिकामा हुक. मग वाळूच्या पोत्यांची मोळी. हात पूर्वीसारखे नव्हते. पूर्वी ते वाहायचे, आता एकेक करून उभे राहत होते. पण स्वच्छ होते. माझ्या खिडकीतूनही वाचता आले असते. एकाने घाम पुसला, मोळी चालत राहिली. टायपिस्टबाईंनी खिडकी ओढून घेतली, मोळी चालत राहिली.

मग तुळई, एक टनाची. निम्म्या वाटेवर असताना डाव्या कोपऱ्यातून वेल्डरने हात आडवा हलवला, घाईघाईत, अर्धामुर्धा. बँडमास्तरचा हात तत्क्षणी आडवा झाला. तुळई जागच्या जागी थांबली. वेल्डरने हात खाली घेतला, अंगठा दाखवला, आणि तुळई पुढे निघाली.

तुळई लाकडी ठोकळ्यांवर बसली. टाळ्या पडल्या. साहेब हात पुढे करून त्याच्याकडे निघाले. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

तो मात्र साहेबांकडे न बघता माझ्या खिडकीकडे आला.

"काका, तुळई वळत असताना तुम्ही टोपी काढलीत. ती मला होती का?"

सगळे थांबले. टोपी मी काढली होती. डोकं खाजत होतं, खरोखरच खाजत होतं. हे शपथेवर सांगतो, कारण माझ्या तोंडचं कुणाला खरं वाटत नाही. साहेबांच्या यादीत माझी टोपी नव्हती.

"नाही रे," मी म्हटलं. "डोकं खाजवत होतो. तुला काही सांगत नव्हतो."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "तू थांबला नाहीस. बरोबरच केलंस."

"बरोबर निघालं, साहेब." त्याने मोज्यांची टोकं एकमेकांवर दाबली. "बाकीचे सगळे मी ओळखले. हा ओळखला नाही. मनात म्हटलं, काकाच आहेत, असेल काहीतरी, आणि जाऊ दिली. तो अंदाज होता."

"अंदाज सगळेच करतात, भल्या माणसा."

"करत असतील. थांबवायच्या इशाऱ्यावर नाही करत. शंका आली की थांबवायचं, तुम्हीच सांगता. शंका आली तेव्हा थांबवलं असतं, तर उद्या पुन्हा दिवसातून चाळीसदा थांबवत बसलो असतो. नाही थांबवलं, तर अंदाज. ह्या दोन्हींच्या मधलं जे लागतं ते मला परत आलेलं नाही. येईलही. पण आज नाही."

वहिनी जवळ आल्या होत्या. आधी ज्यांनी मोजे नकोत म्हणून हट्ट धरला होता, त्या म्हणाल्या, "अहो, सगळे म्हणतायत ना, जमलं म्हणून. कुणाला कळलं होतं ते?"

"मला कळलं," तो म्हणाला.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. आधी "मी ठेवतोय" असं काही तोंडाने म्हणाला नाही. नुसता ठेवला. वहिनी त्या हाताकडे बघत राहिल्या.

मग तो यार्डाच्या मध्यभागी जाऊन क्रेनकडे तोंड करून उभा राहिला. आमच्या कामात एक शेवटचा इशारा असतो. दोन्ही हात पोटासमोर आणायचे आणि बोटं एकमेकांत गुंफून घट्ट धरायची. ह्याचा अर्थ: सगळं आहे तिथे बांधून ठेव, काम संपलं. त्याने हात समोर आणले, बोटं गुंफली आणि तसाच उभा राहिला.

मग क्रेनचा आवाज बंद झाला. यार्डात इतकी शांतता मी कामाच्या दिवशी कधी ऐकली नव्हती.

घार शिडीवरून उतरला. उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. त्याचे डोळे लाल होते, पण मी त्यावरून काही बोललो नाही. बोलायला बरंच सुचलं होतं.

"भावोजी, उद्यापासून मी कुणाच्या हातांकडे बघायचं?"

बँडमास्तरने मोजे काढले, नीट जोडले आणि मागे उभ्या असलेल्या सिग्नलवाल्याच्या हातात दिले.

"ज्याच्या हातात हे असतील त्याच्या," तो म्हणाला. "आणि थांब म्हटलं, की कुणाच्याही."